रमजानची पूर्वतयारी

मुंबई-ठाण्याकडील शहरी माणसाला रमजानचा महिना आला हें बहुधा बाजारावरून कळतें. फळांच्या गाड्यांवर खजुरांच्या राशी दिसूं लागतात, महंमद अली रोडवर मिनारा मशिदीच्या आसपास रात्रीं उशिरापर्यंत कढया तापलेल्या असतात, आणि मालपुवे खावयास निघालेल्या मंडळींत सर्व धर्मांचीं माणसें असतात. या आनंदांत वाईट असें कांहींच नाहीं. परंतु ज्या महिन्याचें सार अन्न सोडण्यांत आहे, तो महिना अन्नावरूनच ओळखला जावा, ही विचार करावयास लावणारी गोष्ट आहे. बाजारांतील तयारी सर्वांस दिसते. तिच्याहून निराळी, घरांत आणि मनांत चालणारी एक तयारी असते. ती दिसत नाहीं, परंतु महिन्याचें फळ तिच्यावर अवलंबून असतें. त्या दुसऱ्या तयारीचा येथें विचार करावयाचा आहे.

प्रथम या व्रताचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. रमजान हा हिजरी वर्षाचा नववा महिना. ‘रोजा’ हा शब्द फारशी असून त्याचा संबंध ‘रोज’ म्हणजे दिवस या शब्दाशीं आहे. अरबींत या व्रताला ‘सौम’ म्हणतात व त्याचा मूळ अर्थ आवरणें, थांबणें असा आहे. पहाटेची पहिली प्रभा फांकल्यापासून सूर्यास्तापर्यंत अन्न, पाणी व स्त्रीपुरुषसंग वर्ज्य करणें हें त्याचें बाह्य रूप होय. हिजरी सनाच्या दुसऱ्या वर्षीं, म्हणजे इ. स. ६२४ मध्यें, हें व्रत प्रत्येक सज्ञान व समर्थ मुसलमानावर बंधनकारक झालें. कुराणांत त्याचा जो हेतु सांगितला आहे तो देह शिणविण्याचा नाहीं. मनुष्यानें ईश्वराचें भान राखून वागावें, हा तो हेतु. यालाच ‘तकवा’ म्हणतात. ज्याला आजार आहे, जो प्रवासांत आहे, त्याला सूट आहे. राहिलेले रोजे त्यानें पुढें भरून काढावयाचे असतात. अतिवृद्धांनीं व बरें न होणाऱ्या रोग्यांनीं रोज्याऐवजीं एका गरिबाला जेवूं घालावें, अशीही सोय आहे.

आपल्या पंचांगाला अधिक महिन्याची जोड आहे. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारें अकरा दिवसांनीं लहान पडतें. तें अंतर दर दोन-तीन वर्षांनीं एक महिना वाढवून आपण भरून काढतों, आणि म्हणून श्रावण नेहमीं पावसांतच येतो. हिजरी गणनेंत अशी भर घालण्यास मनाई आहे. त्यामुळें रमजान सर्व ऋतूंतून फिरत जातो व सुमारें तेहतीस वर्षांनीं पुन्हां त्याच जागीं येतो. २०२५ सालीं भारतांत पहिला रोजा २ मार्चला होता. २०३० सालीं तर जानेवारीच्या आरंभीं एक आणि डिसेंबरच्या अखेरीस दुसरा, असे दोन रमजान एकाच इंग्रजी वर्षांत लागतील. मुंबईच्या अक्षांशावर रोजा हिवाळ्यांत सुमारें साडेबारा तासांचा, तर जूनमध्यें सुमारें साडेचौदा तासांचा असतो. सोयीचा ऋतु पाहून हें व्रत करतां येत नाहीं. ज्या ऋतूंत महिना येईल त्या ऋतूंत त्याला सामोरें जावें लागतें.

ही पूर्वतयारी किती निकडीची आहे हें पाहावयाचें असेल तर ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेकडील रबाळें डोळ्यांपुढें आणावें. एके काळीं हा आगरी-कोळ्यांच्या गांवांचा, भातशेतीचा व मासेमारीचा मुलूख होता. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ सालीं स्थापन झालें. त्याच्या वसाहतीनें पुढें ठाणें-बेलापूर रस्त्याच्या कडेची ही सारी पट्टी व्यापली. २००४ सालीं ठाणें-वाशी लोकल धांवूं लागली आणि ऐरोली व घणसोली यांच्या मधलें रबाळें स्थानक कामगारांच्या येण्याजाण्याची वाट झालें. अशा ठिकाणीं रोजा धरणाऱ्या माणसाचा दिवस त्याच्या स्वतःच्या ताब्यांत नसतो. कारखान्याची पाळी चंद्र पाहून बदलत नाहीं. रात्रपाळी करून आलेल्याची झोंप सहेरी व फजरच्या नमाजाभोंवतीं तुकड्यातुकड्यांनीं होते. दिवसपाळी संपवून निघालेल्याला इफ्तारची वेळ पुष्कळदां लोकलच्या गर्दींतच गांठते, कारण मार्चमध्यें या बाजूस सूर्यास्त पावणेसातच्या सुमारास होतो. मग डब्यांत उभ्यानेंच खजूर तोंडांत टाकून व पाण्याचा घोट घेऊन रोजा सोडावा लागतो.

महिना सुरू झाल्यावर स्थिरस्थावर होऊन उपासना आरंभूं, असें या माणसाला म्हणतां येत नाहीं. पूर्वतयारी नसली तर पहिले दहा दिवस शरीर रुळण्यांत जातात, मधले दहा थकव्यांत जातात, आणि शेवटचे दहा ईदच्या खरेदींत. वस्तुतः हे शेवटचे दहा दिवस सर्वांत मोलाचे. त्यांतील एका विषम रात्रीं ‘लैलतुल कद्र’ येते, आणि ती हजार महिन्यांहून श्रेष्ठ, असें कुराण सांगतें. ज्याचा महिना वर सांगितल्याप्रमाणें निघून गेला, त्याला भूक घडली, तहान घडली, पण व्रत घडलें कीं नाहीं हा प्रश्न उरतोच. पुष्कळ रोजेदारांच्या पदरीं भुकेतहानेवांचून दुसरें कांहीं पडत नाहीं, असा इशारा महंमद पैगंबरांनीं दिल्याची परंपरा आहे, ती याच अर्थानें.

या तयारीचा काळ म्हणजे रमजानच्या आधींचा शाबान महिना. रमजान सोडला तर पैगंबर इतर कोणत्याही महिन्यांत शाबानइतके रोजे धरीत नसत, असें त्यांच्या पत्नी हजरत आयेशा यांनीं सांगितलेलें आहे. त्यांचें स्वतःचें मागील वर्षाचे राहिलेले रोजेही शाबानमध्येंच पुरे होत. आजही पुष्कळ घरांतील स्त्रिया बाळंतपणामुळें अथवा मासिक अडचणीमुळें राहिलेले रोजे याच महिन्यांत धरून मागील हिशेब मिटवितात. शाबानच्या पंधराव्या रात्रीं, म्हणजे शब-ए-बरातला, लोक कबरस्तानांत जाऊन गेलेल्या आप्तांसाठीं प्रार्थना करतात. ज्यांनीं गेल्या वर्षीं आपल्याबरोबर सहेरी केली त्यांपैकीं कांहीं आतां नाहींत, ही जाणीव येणाऱ्या महिन्याची किंमत वाढविते.

मात्र या तयारीलाही मर्यादा घातलेली आहे. ज्याला नेहमींचा रोजाच त्या दिवशीं येत नसेल, त्यानें रमजानच्या अगदीं आधींचे एक-दोन दिवस रोजा धरूं नये, असें पैगंबरांनीं सांगितलें आहे. उत्साहाच्या भरांत व्रताची हद्द वाढवूं नये, व ठरलेल्या वेळीं ठरलेलें काम ताज्या मनानें करावें, हा त्यांतील बोध.

आंतरिक तयारीचें पहिलें अंग म्हणजे ‘नियत’. आपल्याकडे पूजेपूर्वीं संकल्प सोडतात. स्थळ, काळ व आपलें नांव उच्चारून ‘हें कर्म मी अमुक हेतूनें करीत आहें’ असें सांगतात. नियत हा असाच संकल्प, पण तो मुख्यतः मनाचा. शब्द उच्चारलेच पाहिजेत असें नाहीं. या बाबतींत कोंकणपट्टीची एक विशेष गोष्ट सांगण्यासारखी आहे. हिंदुस्थानांतील बहुसंख्य सुन्नी मुसलमान हनफी पंथाचे आहेत. कोंकणी मुसलमान मात्र शाफी पंथाचे. अरबस्तानाशीं समुद्रमार्गें चाललेल्या जुन्या व्यापाराचा हा वारसा होय. हनफी मतानें रमजानच्या रोज्याची नियत त्या दिवशीं मध्यान्हापूर्वीं केली तरी चालते. शाफी मतानें ती आदल्या रात्रींच, आणि प्रत्येक रोज्यासाठीं निराळी, केली पाहिजे. नवी मुंबईसारख्या वस्तींत उत्तरेकडून आलेला हनफी कामगार आणि रायगड-रत्नागिरीकडचा शाफी कामगार एकाच यंत्रापाशीं उभे असतात. दोघांचा रोजा एकच, पण संकल्पाचा नियम निराळा. शाफी नियमांत एक मोठें शहाणपण आहे. निजण्यापूर्वीं रोज एकदां ‘उद्यां मी हें कां करणार आहें’ असा प्रश्न मनाला विचारला जातो, आणि तीस दिवसांचें व्रत नुसत्या संवयीनें रेटलें जात नाहीं.

दुसरें अंग माणसामाणसांतील देण्याघेण्याचें आहे, आणि तें सर्वांत कठीण. इस्लामी धर्मशास्त्र ईश्वराचे हक्क व माणसांचे हक्क असा भेद करतें. ईश्वराच्या बाबतींत झालेली चूक खऱ्या पश्चात्तापानें क्षमा होते. पण ज्या माणसाचे पैसे बुडविले, ज्याची निंदा केली, ज्याचा वांटा दाबला, त्याचें देणें त्यालाच दिलें पाहिजे अथवा त्याच्याकडूनच क्षमा मिळविली पाहिजे. धर्मासाठीं प्राण देणाऱ्याचीं सारीं पापें क्षमा होतात, परंतु कर्ज क्षमा होत नाहीं, इतक्या स्पष्ट शब्दांत हें शिकविलेलें आहे. म्हणून रमजानची तयारी खजुरांच्या यादीनें सुरू न करतां अशा माणसांच्या यादीनें करावी हें बरें. भावाशीं बोलणें बंद आहे काय? शेजाऱ्याशीं जिन्यावरून किंवा नळावरून वाद चालला आहे काय? उसनवार घेतलेली रक्कम देण्याची ऐपत असूनही राहिली आहे काय? कामाला ठेवलेल्या मुलाची मजुरी थकली आहे काय? एकेका नांवापुढें काय करावयाचें तें ठरवून चंद्र दिसण्यापूर्वीं उरकून टाकावें. महिना लागल्यावर पोटांत भूक असतांना जुना तंटा मिटविणें सोपें जात नाहीं. उलट भुकेनें राग लवकर येतो. कोणी शिवी दिली तरी ‘मी रोज्यानें आहें’ एवढेंच सांगून थांबावें, अशी पैगंबरांची शिकवण आहे. ती ऐन वेळीं आठवावी यासाठीं जिभेला आधींपासून वळण लावावें लागतें.

तिसरें अंग शरीराचें. तें गौण खरें, पण त्याची हयगय केली तर मनालाही स्वस्थता मिळत नाहीं. दिवसांतून सहा वेळां चहा घेणाऱ्याचें पहिल्या रोज्याला डोकें दुखतें. त्याचें कारण उपास नसून एकाएकीं सुटलेला चहा असतो. तंबाखू, विडी आणि गुटखा यांची ओढ याहूनही तीव्र. शाबानमध्येंच यांचें प्रमाण उतरवीत नेलें तर रमजानचे पहिले दिवस चिडचिडींत जात नाहींत. आणि जो माणूस दिवसां चौदा तास तंबाखूवांचून राहूं शकतो तो ती कायमची सोडूंही शकतो, हें त्याला स्वतःच्या अनुभवानेंच पटतें. मधुमेही माणसानें, रक्तदाबाचें औषध घेणाऱ्यानें व गरोदर स्त्रीनें महिना लागण्यापूर्वीं डॉक्टरांचा सल्ला घेणें अगत्याचें आहे. औषधांच्या वेळा सहेरी-इफ्तारला जुळवितां येतील कीं रोजाच टाळावा, हें त्यांनींच ठरवावें. भट्टीपाशीं उन्हाळ्यांत काम करणाऱ्यानेंही हा विचार आधीं करावा. सूट ईश्वरानेंच दिलेली आहे. ती नाकारून जिवावर बेतविण्यांत पुण्य नाहीं.

चौथें अंग वाचनाचें. कुराण रमजानमध्यें अवतीर्ण होऊं लागलें अशी श्रद्धा असल्यामुळें या महिन्याचा व त्या ग्रंथाचा संबंध अतूट आहे. ग्रंथाचे तीस भाग पाडलेले आहेत. रोज एक वाचला म्हणजे महिन्यांत पारायण पुरें होतें. रात्रींच्या तरावीहच्या नमाजांत तें सबंध ऐकण्याचा प्रघात आहे. परंतु अर्थ न कळतां केलेलें श्रवण थकलेल्या माणसाला लवकर पेंगवितें. म्हणून रात्रीं जो भाग ऐकावयाचा त्याचा मतलब आपल्या भाषेंत आधीं वाचून ठेवणें ही उत्तम तयारी. अर्थ समजून घेण्याची परंपरा या भूमीला नवी नाहीं. माहीमचे मखदूम अली माहिमी यांचा जन्म १३७२ सालचा. त्यांनीं अरबींत कुराणावर भाष्य लिहिलें आणि तें विद्वानांत मान्यता पावलें. त्यांच्या दर्ग्याला जाणाऱ्यांपैकीं किती जणांना ते भाष्यकार होते हें ठाऊक असतें, हा प्रश्नच आहे. अलीकडच्या काळांत विनोबा भावे यांनीं अरबी शिकून मूळ कुराणाचा अभ्यास केला व ‘कुराण-सार’ सिद्ध केलें. साने गुरुजींनीं इस्लामी संस्कृतीवर मराठींत पुस्तक लिहिलें. मुसलमान नसलेल्या वाचकालाही शेजाऱ्याच्या व्रताचा अर्थ समजून घेण्याची वाट अशी मोकळी झालेली आहे.

एवढी तयारी कशासाठीं, याचें उत्तर इमाम गझाली यांच्या ग्रंथांत मिळतें. इ. स. ११११ मध्यें निवर्तलेल्या या तत्त्वचिंतकानें रोज्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली पोटाच्या संयमाची, ती सर्वसामान्यांची. दुसरींत डोळे, कान, जीभ, हात व पाय या सर्वांना वाइटापासून आवरावयाचें असतें. तिसरींत अंतःकरणच क्षुद्र चिंतांपासून दूर ठेवावयाचें असतें. आपल्या मराठी मुलखांतही हाच विचार घुमला आहे. श्रीगोंद्याचे संत शेख महंमद यांनीं सतराव्या शतकांत ‘योगसंग्राम’ नांवाचा ग्रंथ रचला; साधकानें आपल्याच विकारांशीं झुंजावयाचें, ही त्यांतील मध्यवर्ती कल्पना आहे. एक अरबीचा-फारशीचा पंडित, दुसरा मराठी संत. परंतु शत्रु बाहेर नसून आंत आहे, यावर दोघांचें एकमत.

गझालींनीं आणखी एक तक्रार केली आहे, आणि ती नऊशें वर्षांनंतरही शिळी झालेली नाहीं. लोक रमजानसाठीं नाना पदार्थ सांठवून ठेवतात आणि एरवीं खात नाहींत इतकें रात्रीं खातात. मग दिवसाच्या भुकेनें जी वासना क्षीण व्हावयाची ती रात्रीं दुप्पट बळावते, असें त्यांचें म्हणणें. आपल्याकडे ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण याच दुखण्यावर आहे. या दुखण्याचा भार घरांतील स्त्रियांवर सर्वांत अधिक पडतो. सहेरीसाठीं त्या सर्वांच्या आधीं उठतात, आणि दुपारपासून इफ्तारच्या तळणांत गुंततात. रोजा त्यांचाही असतो; पण कुराण उघडण्यास त्यांना घटकाभर सवड मिळत नाहीं. म्हणून घरांतील कर्त्या माणसांनीं महिन्यापूर्वींच एकत्र बसून ठरवावें कीं इफ्तारला खजूर, फळें आणि एखादाच पदार्थ पुरे; भांडीं पुरुषांनीं व मुलांनीं घासावीं; आणि ईदचे कपडे शाबानमध्येंच घेऊन ठेवावेत. घरांतील अर्ध्या माणसांचा महिना चुलीपाशीं संपत असेल तर त्या घराची तयारी झाली असें म्हणतां यावयाचें नाहीं.

जकातीचा हिशेबही आधींच करून ठेवावा. साडेसात तोळे सोनें किंवा साडेबावन्न तोळे चांदी, अथवा तेवढ्या किंमतीची शिल्लक, एक चांद्र वर्षभर ज्याच्यापाशीं राहिली, त्यानें तिचा चाळिसावा भाग द्यावयाचा असतो. एक लाख रुपयांवर अडीच हजार. पुष्कळ लोक ही रक्कम रमजानमध्यें देतात, आणि दारावर जो येईल त्याला थोडें थोडें देऊन मोकळे होतात. परंतु जो मागत नाहीं तोच पुष्कळदां खरा गरजू असतो. असा कोण आहे, कोणाच्या मुलीची फी थकली आहे, कोणाचें काम सुटलें आहे, याचा शोध शांतपणें घ्यावा लागतो; तो शाबानमध्यें घेतला तर मदत वेळेवर आणि लाज राखून पोंचते.

मुसलमान नसलेल्या शेजाऱ्यालाही या तयारींत वांटा उचलतां येतो. पाळ्या लावणाऱ्या मुकादमानें आधीं विचारून दोघांच्या पाळ्यांची अदलाबदल करून दिली, अथवा सूर्यास्ताच्या वेळीं दहा मिनिटें यंत्रावरून सुटका दिली, तर त्याला फारशी तोशीस पडत नाहीं, आणि कामगाराला तें महिनाभर आठवतें.

अखेरीस शाबानची एकोणतिसावी संध्याकाळ येते. मुंबईंत १८०२ सालीं पुऱ्या झालेल्या, जुन्या तळ्यावर उभ्या असलेल्या जुम्मा मशिदींत चंद्रदर्शनाच्या साक्षी पाहिल्या जातात. चंद्र दिसला तर दुसऱ्या दिवशीं रोजा, न दिसला तर शाबानचे तीस दिवस पुरे करावयाचे. दाऊदी बोहरा मंडळी मात्र गणितावर बसविलेलें पंचांग पाळतात, म्हणून त्यांचा रमजान बहुधा एक-दोन दिवस आधीं लागतो. कोणत्याही पद्धतीनें महिना लागो, त्या संध्याकाळीं ज्याचें देणें फिटलें आहे, ज्याचा तंटा मिटला आहे, ज्याच्या घरांत कामाची वांटणी झाली आहे आणि आपण रोजा कां धरणार हें ज्यानें ठरविलें आहे, तो माणूस पहिल्या पहाटेपासूनच व्रताच्या आंत असतो. रबाळ्याच्या कारखान्यांत पाळी तीच राहील, लोकलची गर्दी तीच राहील. पण तिच्यांत उभ्याउभ्यानें घेतलेला पाण्याचा पहिला घोट त्याला निराळा लागेल. आणि शव्वालचा चंद्र दिसल्यावर महिन्यानें आपल्याला काय दिलें हें पाहण्यासाठीं त्याला दूर जावें लागणार नाहीं. आपल्या माणसांशीं आपण कसे वागतों, एवढें पाहिलें म्हणजे पुरे.